प्लॅस्टिक तापते तेव्हा



महाभारतातील लाक्षागृहाची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. पांडवांना जाळून मारण्यासाठी वारणावतात लाखेचे घर बांधले गेले. दगड, माती, लाकूड असे नेहमीचे बांधकामाचे पदार्थ असताना लाखच का बरे निवडली असेल? याचे उत्तर लाखेच्या गुणधर्मांत आहे. दगड तापतो, पण तसाच राहतो. लाकूड तापते, काळे पडते आणि जळते. ते वितळत मात्र नाही. लाख प्रथम मऊ होते, मग वितळून ओघळते आणि आणखी तापली की भडकते. मऊ होणे, वितळणे, विघटन पावणे आणि जळणे, या चार पायऱ्या नीट ध्यानात ठेवा. आजच्या लेखाचा सारा विषय या चार पायऱ्यांत सामावलेला आहे. कारण आपल्या घरातली बादली, पाइप, पिशवी आणि बाटली यांनाही त्याच पायऱ्या लागू आहेत. काही प्लॅस्टिके मात्र पहिल्या दोन पायऱ्या गाळून एकदम तिसरीवर जातात. तसे का होते, तेही आपण पाहू.

जंगलातले प्लॅस्टिक

चामोर्शी हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. वैनगंगेच्या काठचे मार्कंड्याचे प्राचीन देवालय याच तालुक्यात आहे. आजूबाजूला भाताची शेते आणि त्यांच्या पलीकडे जंगल. या जंगलात फाल्गुनात लाल-केशरी फुलणारा पळस सर्वांच्या ओळखीचा आहे. पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात. हे किडे अगदी बारीक असतात. झाडाचा रस शोषून ते अंगातून एक चिकट राळ बाहेर टाकतात आणि त्या राळेचे कवच स्वतःभोवती बांधतात. हजारो किड्यांची कवचे एकमेकांना चिकटून डहाळीवर जो खडबडीत थर जमतो, तीच लाख. गोंदिया-भंडाऱ्याकडे लाखेचा व्यवसाय जुना आहे. लाखेचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्यासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संशोधन संस्था स्थापन झाली.

लाख सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि ७५ ते ८० अंशांच्या आसपास वितळते. या एका गुणामुळे आपल्याकडच्या कारागिरांनी तिचे किती उपयोग केले ते पाहा. बांगड्या करणारा कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करून तिची वळी वळतो. सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरतो. विळ्या-चाकूचे तापवलेले टोक लाख भरलेल्या मुठीत दाबले की लाख वितळते आणि थंड झाल्यावर पाते पक्के बसते. लाकडाच्या खेळण्यांना रंग देताना कातावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडावर तिचा चकचकीत थर बसतो. पार्सलावर लाखेची मोहोर उठवत, तेव्हाही हाच गुण कामी येई.

उष्णता दिली की मऊ व्हावे, हवा तो आकार घ्यावा आणि थंड झाल्यावर तो आकार टिकवावा, यालाच आकार्यता म्हणतात. ‘प्लॅस्टिक’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘आकार देता येण्याजोगा’ असाच आहे. त्या अर्थाने लाख हे जंगलातले प्लॅस्टिकच होय.

मेण आणि पिशवी यांचे नाते

आता आपण कारखान्यातल्या प्लॅस्टिककडे वळू. दुकानात मिळणाऱ्या साध्या पिशवीचे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिथिलीन. एथिलीन नावाच्या वायूचे हजारो लहान रेणू एकापुढे एक जोडले की पॉलिथिलीनचा एक लांबलचक रेणू तयार होतो. एथिलीनच्या एकेका रेणूला एकवारिक आणि त्या साखळीला बहुवारिक म्हणतात.

येथे एक गंमत आहे. मेणबत्तीचे मेणही कार्बन आणि हायड्रोजन यांच्याच साखळ्यांचे असते. पण मेणाच्या साखळीत कार्बनचे साधारणपणे वीस ते चाळीस अणू असतात, तर पॉलिथिलीनच्या साखळीत हजारो. मेण ५५ ते ६० अंशांच्या सुमारास वितळते, पॉलिथिलीनला ११० ते १३० अंश लागतात. साखळी लांब झाली की शेजारच्या साखळ्यांशी तिचा अधिक ठिकाणी संबंध येतो आणि तिला मोकळे करायला अधिक उष्णता द्यावी लागते. मेण हातात चुरगळते आणि पिशवी मात्र ताणली तरी सहसा तुटत नाही, याचेही कारण साखळीच्या लांबीतच आहे.

आणखी एक फरक ध्यानात घ्या. बर्फ शून्य अंशाला वितळते. त्याचा द्रवणांक ठरलेला आहे. प्लॅस्टिकचे तसे नसते. त्याच्या सर्व साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात. काही भागांत त्या शिस्तीने ओळीत रचलेल्या असतात, तर काही भागांत गुंता झालेला असतो. गुंत्याचा भाग आधी सैल होतो, ओळीतला भाग नंतर. म्हणून प्लॅस्टिक एकदम वितळत नाही. ते आधी लवचीक होते, मग मऊ पडते आणि शेवटी दाट काकवीसारखे वाहू लागते.

शेवया आणि जाळे

ताटात शिजलेल्या शेवया घ्या. एक शेवई ओढली तर ती इतरांतून घसरत बाहेर येते. पॉलिथिलीनच्या साखळ्या अशाच असतात. एकमेकींना चिकटलेल्या, पण बांधलेल्या नव्हेत. उष्णता दिली की त्या हालू लागतात, एकमेकींवरून घसरतात आणि प्लॅस्टिक वाहू लागते. थंड झाले की पुन्हा घट्ट होते. अशा प्लॅस्टिकांना उष्णतामृदू प्लॅस्टिके म्हणतात. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन, नायलॉन आणि पाण्याच्या बाटलीचे पीईटी ही सर्व या गटात येतात.

आता वैनगंगेत मासे धरणाऱ्यांचे जाळे डोळ्यांसमोर आणा. त्यातील प्रत्येक दोरा दुसऱ्या दोऱ्याशी गाठीने बांधलेला असतो. एक दोरा ओढला तर सारे जाळे ओढले जाते. दोरा सुटा निघत नाही. काही प्लॅस्टिकांत साखळ्यांमध्ये अशाच रासायनिक गाठी असतात. कितीही तापवले तरी या साखळ्या घसरू शकत नाहीत. अशा प्लॅस्टिकांना उष्णतादृढ प्लॅस्टिके म्हणतात. प्रेशर कुकरची काळी मूठ, विजेची जुनी काळी बटणे, मेलॅमाइनच्या ताटल्या ही त्यांची उदाहरणे. ही प्लॅस्टिके वितळत नाहीत. फार तापली तर गाठी आणि साखळ्या दोन्ही तुटतात आणि पदार्थ करपतो.

घरातल्या दोन वस्तूंनी हा भेद पक्का लक्षात राहील. मेण वितळवा, थंड करा, पुन्हा वितळवा. कितीही वेळा करता येईल. अंडे मात्र एकदा उकडले की पुन्हा पातळ होत नाही. उष्णतामृदू प्लॅस्टिक मेणासारखे, उष्णतादृढ प्लॅस्टिक अंड्यासारखे.

कोणते प्लॅस्टिक किती उष्णतेला काय करते, हे पुढील तक्त्यावरून कळेल. आकडे अंश सेल्सिअसमध्ये आणि स्थूलमानाने दिले आहेत.

पीईटी (पाण्याची बाटली): ७० ते ७५ ला लवचीक, २५० ते २६० ला वितळते
पीव्हीसी (पाइप, तारेवरचे आवरण): ८० च्या सुमारास मऊ
पॉलिस्टायरीन (थर्मोकोल): १०० च्या सुमारास मऊ
हलके पॉलिथिलीन (पातळ पिशवी): १०५ ते ११५ ला वितळते
जड पॉलिथिलीन (डबे, कॅन): १३० च्या सुमारास वितळते
पॉलिप्रॉपिलीन (डबे, दोर, खुर्च्या): १६० ते १६५ ला वितळते
नायलॉन (दोरा, कापड): प्रकारानुसार २२० ते २६५ ला वितळते
टेफ्लॉन (न चिकटणारा तवा): ३२७ ला वितळते
बेकेलाइट (कुकरची मूठ): वितळत नाही, फार तापल्यास करपते

करून पाहा

हे प्रयोग शिक्षकांच्या किंवा घरातील मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करा. गरम पाणी त्यांनीच ओतावे. यात कोठेही ज्योत वापरायची नाही.

प्रयोग १: पाण्याची रिकामी बाटली आणि तिचे झाकण घ्या. दोन्हींचे लहान तुकडे कापून बादलीभर पाण्यात बुडवा. तुकड्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढून टाका. झाकणाचा तुकडा तरंगेल, बाटलीचा बुडेल. झाकण बहुधा पॉलिथिलीनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते आणि या दोन्हींची घनता पाण्यापेक्षा कमी आहे. पीईटीची घनता मात्र सुमारे १.३८ आहे. म्हणजे एकाच वस्तूत दोन निराळी प्लॅस्टिके आहेत. भंगार गोळा करणारा माणूस झाकणे निराळी का करतो, हे आता तुमच्या ध्यानात येईल.

प्रयोग २: बाटलीच्या मधल्या गुळगुळीत भागाची बोटभर पट्टी कापा. आट्याकडचा गळ्याचा जाड तुकडाही घ्या. एका जुन्या पातेल्यात उकळून नुकतेच खाली उतरवलेले पाणी घ्या आणि दोन्ही तुकडे चिमट्याने त्यात सोडा. पट्टी आखडेल, वाकडी होईल, कदाचित गुंडाळली जाईल. गळ्याचा तुकडा फारसा आखडणार नाही. झाकणाचा तुकडाही टाकून पाहा. त्याचा आकार बदलणार नाही.

असे का झाले? कारखान्यात बाटली तयार करताना आधी जाड परीक्षानळीसारखी एक नळी बनवतात. ती तापवून तिच्यात जोराने हवा भरतात आणि नळी फुगून बाटली होते. फुगताना पीईटीच्या साखळ्या ताणल्या जातात आणि त्याच ताणलेल्या स्थितीत थंड होतात. गळ्याचा भाग फुगवलेला नसतो, म्हणून तेथे ताण नसतो. तुम्ही पट्टी ७५ अंशांच्या वर तापवताच साखळ्यांना हालायला मोकळीक मिळाली आणि त्या पुन्हा आखडून आपल्या मूळच्या गुंत्यात गेल्या. पाण्याच्या बाटलीत गरम दूध किंवा चहा का भरू नये, हे यावरून कळते. बाटली वितळत नाही, पण तिचा आकार जातो आणि ती हातातून निसटते.

शेतकरी पीव्हीसीच्या पाइपाचे टोक शेकून त्यात दुसरा पाइप बसवतात, तेव्हा हाच गुण वापरतात. ८०-९० अंशांना पाइप लवचीक होतो आणि उकळत्या पाण्याने हे काम होऊ शकते. जाळावर धरले तर मात्र तो पिवळा, तपकिरी आणि मग काळा पडतो. या रंगबदलाचा अर्थ पुढे येईल.

लाखेला पर्याय शोधताना

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगभर विजेचा प्रसार होऊ लागला. तारांना, यंत्रांना विद्युत्-निरोधक आवरण हवे होते आणि त्यासाठी लाख उत्तम होती. पण ती मिळायची मुख्यतः भारतातून आणि तीही किड्यांच्या गतीने. मागणी वाढली, पुरवठा अपुरा पडू लागला. बेल्जियममध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड लाखेला कृत्रिम पर्याय शोधू लागला. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून एक चिवट राळ मिळते, हे आधीच माहीत होते. पण ती कोणत्याच द्रावकात विरघळत नसे आणि भांड्यातून निघता निघत नसे. इतरांनी तो उपद्रव मानला. बेकलंडने त्यातच पदार्थाचे सामर्थ्य पाहिले. उष्णता आणि दाब यांवर नियंत्रण ठेवून त्याने ही राळ साच्यात घट्ट करण्याची रीत बसवली. १९०७ साली त्याने एकस्वासाठी अर्ज केला आणि १९०९ साली बेकेलाइट जगासमोर मांडले. संपूर्णपणे प्रयोगशाळेत बनलेले हे पहिले प्लॅस्टिक.

गंमत अशी की लाखेतही या उष्णतादृढ गुणाचे बीज आहे. लाखेचे रेणू पॉलिथिलीनसारखे फार लांब नसतात. ती नुसती वितळवून थंड केली तर पुन्हा वितळते. परंतु १५० अंशांच्या आसपास बराच वेळ तापत ठेवली तर तिच्या रेणूंमधून पाणी बाहेर पडते, रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि लाख रबरासारखी व पुढे कडक होते. अशी लाख मग वितळत नाही. म्हणून जाणता कारागीर लाख निखाऱ्यावर लागेल तेवढीच धरतो. विसरून ठेवत नाही.

लाखेच्या ग्रामोफोन तबकड्याही एके काळी घरोघर होत्या. उन्हात राहिल्या की त्या वाकड्या होत. १९४८ नंतर त्यांची जागा पीव्हीसीच्या जातीच्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांनी घेतली. पण त्याही उष्णतामृदूच असल्यामुळे ऊन त्यांनाही सोसत नाही.

वितळण्याच्या पुढे

वितळणे हा भौतिक बदल आहे. साखळ्या सरकतात, पण तुटत नाहीत. तापमान आणखी वाढवले, साधारणपणे ३०० ते ४०० अंशांच्या पुढे नेले, की पॉलिथिलीनच्या साखळ्याच तुटू लागतात. लांब साखळीचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी लहान तुकडे होतात आणि शेवटी वायू तयार होतात. याला औष्णिक विघटन म्हणतात. हा रासायनिक बदल आहे. पेटलेल्या पिशवीत जी ज्योत दिसते, ती घन प्लॅस्टिकची नसून या वायूंची असते. मेणबत्तीतही घन मेण जळत नाही, त्याची वाफ जळते. दोघांत हेही साम्य आहेच.

पीव्हीसीचे विघटन निराळ्या रीतीने होते. त्याच्या साखळीत प्रत्येक दोन कार्बन अणूंमागे क्लोरीनचा एक अणू असतो. सुमारे २०० अंशांच्या पुढे हा क्लोरीन शेजारच्या हायड्रोजनला घेऊन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने झपाट्याने बाहेर पडतो. मागे उरलेल्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध तयार होतात आणि पाइप पिवळा, तपकिरी, काळा होत जातो. जाळावर धरलेल्या पाइपाचा रंग बदलला म्हणजे हा वायू सुटू लागला, असे समजा.

किती वायू सुटेल? आपण हिशेब करू. पीव्हीसीच्या एका एककात कार्बनचे २, हायड्रोजनचे ३ आणि क्लोरीनचा १ अणू असतो. त्याचे वस्तुमान: २४ + ३ + ३५.५ = ६२.५. यातून सुटणाऱ्या हायड्रोजन क्लोराइडचे वस्तुमान: १ + ३५.५ = ३६.५. म्हणजे ६२.५ ग्रॅम शुद्ध पीव्हीसीतून ३६.५ ग्रॅम आणि १०० ग्रॅममधून जास्तीत जास्त ५८.४ ग्रॅम! हा वायू नाकातील, घशातील, डोळ्यांतील ओलाव्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. तांब्यासाठी जुन्या तारा जाळणारा माणूस खोकत का असतो, याचे एक कारण तुम्हांला या साध्या हिशेबातून मिळाले.

चुलीतली पिशवी

पावसाळ्यात लाकडे ओली असतात. चूल पेटत नाही. अशा वेळी पिशवीचा तुकडा किंवा बाटली चुलीत टाकायची सवय खेड्यापाड्यांत दिसते. थंडीत शेकोटीतही प्लॅस्टिक पडते. ते लवकर पेटते यात शंका नाही. एक किलोग्रॅम पॉलिथिलीनमध्ये ४३ ते ४६ मेगाजूल उष्णता साठलेली असते, म्हणजे जवळजवळ रॉकेलइतकी. वाळलेल्या लाकडात १५ ते १८ मेगाजूलच असते. मग प्लॅस्टिक हे चांगले इंधन नाही का?

पुन्हा हिशेब करू. पॉलिथिलीनच्या साखळीचा दुवा म्हणजे एक कार्बन आणि दोन हायड्रोजन, वस्तुमान १४. तो पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी व्हायला ऑक्सिजनचे तीन अणू, म्हणजे ४८ भार लागतो. म्हणून एक किलोग्रॅम पॉलिथिलीनला सुमारे ३.४ किलोग्रॅम ऑक्सिजन हवा. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन असतो; म्हणजे सुमारे १५ किलोग्रॅम हवा लागेल. तिचे आकारमान सुमारे १२ घनमीटर होते. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा खोलीतली सारी हवा! आणि त्या हवेतील ऑक्सिजनचा प्रत्येक कण प्लॅस्टिकच्या वायूला अचूक भेटला तरच हे पुरे पडेल.

चुलीत तसे होत नाही. प्लॅस्टिक भराभर वितळते, त्याचे वायू एकदम सुटतात आणि हवा मात्र हळूहळू पोहोचते. जळण अपुरे राहते. काजळी, विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेली अनेक संयुगे धुरात जातात. कचऱ्यात पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त काही असेल, तर धुमसत्या जाळात डायऑक्सिन नावाची संयुगे तयार होऊ शकतात. ती अत्यंत अल्प प्रमाणातही घातक असतात, निसर्गात फार हळू नाहीशी होतात आणि प्राण्यांच्या चरबीत साठत जातात. चुलीपुढे सर्वांत जवळ बसलेली असते ती स्वयंपाक करणारी आई आणि तिच्या मांडीवरचे मूल. त्या धुराचा पहिला घास त्यांना मिळतो.

उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली आणि महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. पण घरच्या चुलीत काय पडते हे कोणी अधिकारी पाहायला येत नाही. ते काम घरातल्या शिकलेल्या मुलामुलींचे आहे. पावसाळ्यापूर्वी वाळलेल्या काटक्या, गोवऱ्या, तुऱ्हाट्या आडोशाला रचून ठेवल्या तर पिशवीची गरजच पडत नाही.

हवेवाचूनही पेटणारे

प्लॅस्टिकच्या इतिहासातील एक सुरुवातीचा पदार्थ म्हणजे सेल्युलॉइड. कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून ते बनवत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हा चित्रपटाच्या फिती याच जातीच्या नायट्रेटच्या असत. या पदार्थाच्या रेणूतच भरपूर ऑक्सिजन बांधलेला असतो. त्यामुळे एकदा पेट घेतला की वाळू टाकून किंवा पाण्यात बुडवूनही तो विझत नाही. आपला ऑक्सिजन तो आपणच पुरवतो. जुन्या फिती कालांतराने कुजतात, त्यांतून उष्णता आणि आम्लधर्मी वायू सुटतात आणि फार कुजलेली फीत कडक उन्हाळ्याच्या उष्णतेतही आपोआप पेटू शकते. जानेवारी २००३ मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची शेकडो रिळे नष्ट झाली. एका पदार्थाचे उष्णतेपुढील वागणे समजून घेणे किती महत्त्वाचे असते, याची ही खूण आहे.

उष्णतेचा शहाणा उपयोग

उष्णता प्लॅस्टिकची शत्रूच आहे असे नाही. किती अंश आणि किती हवा, हे माणसाच्या हाती असेल तर तीच उपयोगी पडते.

वितळण्याच्या पायरीवर थांबले तर जुन्या बादल्यांपासून नव्या वस्तू करता येतात. पण निरनिराळ्या जातींची सरमिसळ झाली तर १३० अंशांना एक वितळते आणि दुसरे दगडासारखे राहते. म्हणून आधी वर्गवारी हवी. वस्तूच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. १ पीईटीचा, २ जड पॉलिथिलीनचा, ३ पीव्हीसीचा, ४ हलक्या पॉलिथिलीनचा, ५ पॉलिप्रॉपिलीनचा, ६ पॉलिस्टायरीनचा आणि ७ इतरांचा.

मदुराईचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी दुसरा उपाय दाखवला. रस्त्याची खडी सुमारे १६० ते १७० अंशांना तापवून तिच्यावर पिशव्यांचा बारीक चुरा टाकला की तो वितळतो आणि प्रत्येक खड्याला पातळ लेप बसतो. त्यावर डांबर चांगले धरते आणि पाणी आत शिरत नाही. या तापमानाला पिशवीचे प्लॅस्टिक वितळते, पण त्याचे विघटन होत नाही, ही यातली मेख आहे. पीव्हीसी मात्र यात चालत नाही. का, ते तुम्ही आता सांगू शकाल. वासुदेवन यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

विघटनाच्या पायरीपर्यंत, पण हवेशिवाय नेले तर प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटून तेल मिळते. आपल्या विदर्भातच, नागपूरच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी २००० नंतरच्या दशकात या पद्धतीवर काम केले.

आणि जाळायचेच तर ते भट्टीत. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. एवढ्या उष्णतेत, पुरेशा हवेत आणि पुरेसा वेळ राहिल्यास प्लॅस्टिकचे वायू पूर्ण जळतात. अशा भट्ट्यांत कोळशाच्या जोडीला टाकाऊ प्लॅस्टिक वापरण्याची पद्धत आहे. चुलीत आणि भट्टीत फरक आहे तो तापमानाचा, हवेचा आणि वेळेचा.

ध्यानात ठेवा

गरम चहा, वरण, भाजी पातळ पिशवीत बांधून आणू नका. पिशवी वितळत नाही हे खरे. पण गरम आणि तेलकट पदार्थांत प्लॅस्टिकमधील रंग व इतर मिसळलेली द्रव्ये उतरण्याची शक्यता वाढते. स्टीलचा डबा न्यावा.

चुलीपाशी किंवा स्टोव्हपाशी काम करताना नायलॉन, टेरिलीनचे सैल कपडे नकोत. सुती कापडही पेटते, पण ही कापडे वितळून कातडीला चिकटतात. कोणी भाजले तर भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी वीस मिनिटे धरा. चिकटलेले कापड किंवा प्लॅस्टिक ओढून काढू नका. ते काम डॉक्टरांचे.

पेटलेल्या प्लॅस्टिकचे थेंब जळतच खाली पडतात. म्हणून ‘कोणते प्लॅस्टिक कसे जळते’ हे पाहण्याचा प्रयोग घरी करू नका. वर दिलेले दोन प्रयोग ओळख पटवायला पुरेसे आहेत.

विचार करा

१. कुकरची मूठ पॉलिप्रॉपिलीनची केली तर काय होईल? तक्त्यातील आकडा आणि मुठीशेजारचे चुलीचे तापमान लक्षात घेऊन उत्तर द्या.

२. आपल्या भागात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या वर जाते. उन्हात वर्षभर राहिलेली बादली वितळत नाही, पण ठिसूळ होऊन फुटते. हे काम उन्हातील उष्णतेचे की प्रकाशाचे? सावलीत, पण तितक्याच उष्ण जागी ठेवलेल्या बादलीशी तुलना करून ठरवा.

३. १० ग्रॅमची एक पॉलिथिलीनची पिशवी पूर्ण जळायला किती लिटर हवा लागेल?

४. तुटलेल्या बेकेलाइटच्या मुठी वितळवून नव्या मुठी का करता येत नाहीत?

५. तुमच्या घरात एका आठवड्यात किती प्लॅस्टिक कचऱ्यात जाते? तळाशी असलेल्या आकड्यांप्रमाणे त्याचे गट पाडा, वजन करा आणि वर्गात फळ्यावर तक्ता मांडा. त्यांपैकी काय पुन्हा वितळवता येईल, काय येणार नाही आणि काय मुळात विकत घ्यायलाच नको होते, यावर शिक्षकांबरोबर चर्चा करा.